पिछाडीची फळी

होडी दारात येऊन पडली त्या दिवसापासून म्हाताऱ्या मिस्त्रीच्या पायाला भिंगरी लागली. तोवर तो बरा होता. बरा म्हणजे काय, सकाळी पायरीवर बसावं, कुणाच्या स्टुलाचा पाय ठोकून द्यावा, कुणाच्या खिडकीला बिजागरी बसवावी, आणि दिवस मावळला की आज आपण काहीतरी केलं अशी स्वतःची समजूत घालून आडवं व्हावं. एकेकाळी साठ-सत्तर होड्या या माणसाच्या हातून पाण्यात गेल्या होत्या. सगळ्या लाकडाच्या. आता लाकडाची होडी कुणी बांधत नव्हतं, आणि ज्या शेडमध्ये त्याने चाळीस वर्षं रंधा मारला तिथं बर्फाच्या लाद्या रचून ठेवत होते.

आलेली होडी फायबरची होती. बंदरामागच्या पडीक जागेत सहा वर्षं उपडी पडलेली. तिच्या पाठीवर कोंबड्या बसायच्या, पोटाखाली कुत्री व्यायची. निळा रंग उडून पांढरे चट्टे आलेले, कडेला भेगा, आणि नाकाजवळ डोकं जाईल एवढं भगदाड. लेकाने ती ट्रॉलीवर घालून आणली आणि चौघांच्या मदतीने अंगणात उतरवली. अंगण तेवढंच होतं. दारातून बाहेर पडायचं तर आता होडीला वळसा घालावा लागे.

"हे काय उचलून आणलंस?" म्हातारा म्हणाला. "ही होडी नाही, बादली आहे. जरा लांबट बादली."

"असू दे बादली. तरंगली म्हणजे झालं."

"आणि नाही तरंगली तर?"

"तर धुणं भिजवायला होईल," आतून सून म्हणाली, आणि तिघंही हसले. त्या होडीवरून घरात सगळे मिळून हसले ते तेवढंच.

लेक नऊ वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर जात होता. मालक म्हणेल तेव्हा निघायचं, मालक म्हणेल तिथं जाळं टाकायचं, आणि मालकाचा मेहुणा, ज्याला साधी गाठ मारता येत नव्हती, त्याच्या शिव्या खायच्या. एक दिवस धक्क्यावर सगळ्यांसमोर तो बोलून बसला, की यंदा मासेमारीची बंदी उठेल त्या सकाळी मी माझ्या होडीतून जाणार. मालक म्हणाला, जा की, धरलंय कुणी? त्या सकाळी होडी पाण्यात नसली तर त्याला खाली मान घालून त्याच मेहुण्यासमोर उभं राहावं लागणार होतं. ही गोष्ट घरात तिघांनाही ठाऊक होती आणि कुणीच तिचा उच्चार करत नव्हतं. बंदी उठायला चाळीस दिवस होते.

कामाला लागले ते लेक आणि सून. आधी घासणं. मग ग्राइंडर. फायबरची पांढरी धूळ अशी उडे की भर दुपारी अंगणात धुकं पडल्यासारखं वाटे. तोंडाला फडकं, डोक्याला फडकं, हातात मोजे, तरी ती धूळ कॉलरीतून, बाह्यांतून आत शिरे आणि मग रात्रभर दोघं खाजवत. सुनेच्या मनगटांवर लाल चट्टे उठले. दोघांचे कपडे वेगळे धुवावे लागत. पावसाळ्याचे दिवस, सर आली की होडीवर ताडपत्री ओढायची, उघडली की पुन्हा कामाला लागायचं. घामावर चिकटलेली धूळ पाण्यानेही जात नसे.

म्हाताऱ्याला जवळ येऊ देत नव्हते. "बाबा, छातीत जाईल. लांब बसा," असं म्हणून सुनेने त्याला खुर्ची टाकून दिली, पार कुंपणाशी. म्हातारा तासाभराने खुर्ची दोन हात पुढे घेई. सून येऊन ती पुन्हा मागे नेऊन ठेवी. दिवसातून चार-पाच वेळा हा कार्यक्रम चाले. त्याचे हात शिवशिवत. लेक ग्राइंडर चुकीच्या कोनात धरतोय हे त्याला दिसत होतं, पण त्या यंत्राबद्दल आपल्याला काही कळत नाही हेही त्याला कळत होतं, आणि हेच दुखत होतं.

फायबरच्या कामासाठी बंदरावरचा एक कारागीर यायचा. त्याच्या बोटांना, केसांना, चपलांनासुद्धा कायम रेझिन, म्हणजे फायबरचे थर जोडणारा डिंकासारखा रस, वाळून चिकटलेलं असे, म्हणून सगळे त्याला चिकट्या म्हणत. माणूस तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली, पिछाडीला, म्हणजे जिथं इंजिन टांगतात त्या सपाट भिंतीवर, हातोडीने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ही मेली आहे."

आतल्या बाजूचा पत्रा त्याने कापून उघडला. फायबरच्या दोन पत्र्यांमध्ये लाकडाची फळी असते, इंजिनाचा सगळा भार तीच घेते. तिचा पार लगदा झाला होता. सुनेने घरातला डाव आणला आणि त्या डावाने लेकाने ती फळी खरवडून काढली. काळं पाणी निथळत होतं.

"प्लाय आणतो बाजारातनं," चिकट्या म्हणाला. "दोन जाड तुकडे एकावर एक."

"प्लाय?" म्हातारा खुर्चीतून उठला होता. तो केव्हा जवळ आला ते कुणाला कळलंच नाही. "कागदाच्या थरांवर इंजिन टांगणार? लाकूड आहे माझ्याकडे."

खरंच होतं. त्याने बांधलेल्या शेवटच्या होडीतून उरलेल्या दोन जाड फळ्या खाटेखाली अकरा वर्षं पडून होत्या. एकाच खोडाच्या, जुन्या होऊन काळपट पडलेल्या, कुठे गाठ नाही की चीर नाही. लेकाने चिकट्याकडे पाहिलं. चिकट्याने फळीवर टिचकी मारली, वजन घेतलं, आणि म्हणाला, "असं लाकूड हल्ली बघायला मिळत नाही, मिस्त्री."

झालं. म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. चार दिवस तो त्या एका फळीवर होता. माप घेतलं, परत घेतलं, पुठ्ठ्याचा नमुना कापून होडीत बसवून पाहिला. रंध्याची पाती दगडावर लावली. पिछाडीला किंचित बाक होता, तो बाक त्याने डोळ्याने धरला आणि तासून काढला. कंबर धरायची, मग तो भिंतीला पाठ टेकून उभा राही आणि उभ्यानेच चहा घेई. सून म्हणे, "बाबा, फळी बनवताय की पोरगी सासरी पाठवताय?" तो रंधा आणखी जोरात मारी, आणि आत कुठेतरी त्याला फार बरं वाटे.

चौथ्या दिवशी, फळी तयार झाल्यावर, त्याने तिला तेल दिलं. उकळलेलं जवसाचं तेल, तीन हात. कोमट तेल फडक्यावर घ्यायचं, लाकडाच्या रेषेने चोळायचं, मुरू द्यायचं, पुन्हा चोळायचं. मग कोरड्या भुशाने घासून काढायचं, इतकं की हाताला ओशटपणा लागता कामा नये. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक लाकडाला त्याने आयुष्यभर हेच केलं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही. जेवणाआधी हात धुतले, हे कुणी सांगत बसतं का? लाकूड मुळातच काळपट, त्यामुळे नजरेला काही फरक दिसेना. तेलाचा वास म्हणावा तर तो म्हाताऱ्याच्या अंगाला कायमचाच होता.

दुसऱ्या दिवशी चिकट्या घाईघाईत आला, त्याची आणखी दोन कामं खोळंबली होती. फळी आत बसली ती एका ठोक्यात, केसाची फट राहिली नाही. तो रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मिसळत होता, सून काचेच्या धाग्यांच्या जाळीचे तुकडे कापून देत होती, लेक ब्रशने बुडबुडे दाबून काढत होता. थरावर थर चढला. संध्याकाळपर्यंत पिछाडी बंद झाली, आणि रात्री जेवताना लेक मान खाली घालून म्हणाला, "बाबा, फळी झकास झाली."

असं तो कितीतरी वर्षांनी म्हणाला होता. म्हाताऱ्याने नुसतं "हं" केलं आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. भगदाड बुजलं, भेगा भरल्या, रंगाचा पहिला हात झाला. धक्क्यावरची माणसं येता-जाता डोकावत. "ही मिस्त्रीच्या हातची फळी," लेक प्रत्येकाला दाखवी, आणि ते पिछाडीवर थाप मारून बघत, जणू बैल विकत घेतायत. खुर्ची आता होडीला खेटून असे आणि सून ती मागे नेत नसे.

बंदी उठायला पाच दिवस होते तेव्हाची गोष्ट. चिकट्या तळाला शेवटचा थर देत होता. त्याचं काम चालू असताना सून चहा घेऊन आली, तिच्या हाताला तळणीचं काहीतरी लागलं होतं, आणि ती जाळीचा तुकडा उचलायला गेली तसा चिकट्या ओरडला.

"वहिनी, आधी हात धुवा! तेलकट बोट लागलं तरी तिथं रेझिन धरत नाही. वरून छान दिसतं. आठ दिवसांनी पापुद्रा सुटतो."

"बोटभर तेलाने?"

"बोटभर तेलाने. एका शहाण्याने ग्रीसच्या हाताने पिछाडी बंद केली होती. पहिल्याच मोठ्या लाटेला इंजिन हललं, पत्रा सुटला, मागनं पाणी. दोघं होते आत. एकाला काढलं बाहेर."

म्हाताऱ्याच्या हातात कप होता. त्याने तो खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो जमिनीवर ठेवला, आणि लवंडला तरी त्याला कळलं नाही.

त्या घटकेपासून त्याची घालमेल सुरू झाली. तो उठे, होडीमागे जाई, बोटाच्या पेराने ठोकून पाही. टण टण. भरीव आवाज. मग खुर्चीत येऊन बसे. बसवत नसे. पुन्हा उठे. भुशाने घासलं होतं ना, तो स्वतःला सांगे, चांगलं घासलं होतं, हाताला काही लागत नव्हतं. पण तेल मुरतं कुठं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मुरावं म्हणूनच तर कोमट करून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजव्या खालच्या कोपऱ्यात आवाज बदललेला वाटला. विताएवढी जागा, तिथं टण नाही, थप. तो कान लावून बसला.

"काय ऐकताय बाबा?" लेक रंगाचा ब्रश घेऊन आला.

"काही नाही. असंच." मग तो म्हणाला, "अरे, इंजिन जरा उशिरा बसव. चार दिवस जाऊ देत. सुरुवातीला समुद्र दांडगा असतो."

"नऊ वर्षं थांबलो की. आणखी किती थांबू?"

"तसं नाही. नव्या कामाला जरा बसू द्यावं."

"चिकट्या म्हणतो बसलंय." लेक हसला. त्याच्या दाढीत निळा रंग लागला होता. "तुमची फळी आहे म्हटल्यावर मला कसली भीती?"

त्या दिवशी म्हातारा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला. सुनेला सांगावं म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, तर ती म्हणाली, "बाबा, आज बाजारात बर्फवाला विचारत होता, मिस्त्री अजून कामं घेतात का म्हणून. मी म्हटलं, विचारा त्यांनाच." तिचा चेहरा इतका फुललेला होता की म्हातारा पाणी मागून परत फिरला.

असे चार दिवस गेले. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला मिस्त्री म्हणून हाक मारली होती. ते परत द्यायला त्याचा हात उघडत नव्हता, सरळ सांगायचं तर एवढंच होतं. तो बंदरापर्यंत चालत जाई, धक्क्यावर न थांबता परत येई, पुन्हा जाई. गुडघे सुजले. कोपऱ्यातला थप आवाज आता दोन विती झाला होता.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी सकाळी लेक आणि चिकट्या हातगाडी घेऊन इंजिन आणायला गेले. सून मागच्या बाजूला कपडे धूत होती. पावसाने उघडीप दिली होती, ऊन लख्ख पडलं होतं. म्हाताऱ्याने आपल्या पेटीतून रुंद पटाशी काढली, लाकडी हातोडा काढला, होडीत चढला आणि पिछाडीच्या आतल्या कडेला, नव्याकोऱ्या निळ्या रंगावर, पहिला घाव घातला.

चौथ्या घावाला सून धावत आली. "बाबा! बाबा, काय करताय हे? वेड लागलं का तुम्हाला?" ती होडीत चढली आणि तिने त्याचं मनगट धरलं. साबणाचे हात, तरी पकड घट्ट होती.

"सोड," म्हातारा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तेल लावलंय मी."

"कशाला?"

"फळीला. तीन हात. बंद करायच्या आदल्या दिवशी."

तिची पकड सुटली. म्हाताऱ्याने कडेने चीर पाडत नेली, पटाशी आत घालून जरा पिळली, आणि तो अख्खा पत्रा, सहा थरांचा, तिने स्वतः कापलेल्या जाळीचा, सोलल्यासारखा एका तुकड्यात निघून आला. त्याच्या आतल्या बाजूला लाकडाचा एक तंतूसुद्धा चिकटलेला नव्हता. फळी खाली जशीच्या तशी, काळी, तुकतुकीत.

सून होडीच्या कडेवर बसली. तिने पत्रा उलटा करून त्याची आतली बाजू बोटाने चाचपली. मग म्हणाली, "उद्या ते यातनं जाणार होते."

"हो."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तू चहा आणलास त्या दिवशी."

तिने हिशेब केला असावा, कारण तिचा चेहरा एकदम बदलला. "चार दिवस?" ती म्हणाली. "चार दिवस माझ्या हातचं जेवलात आणि गप्प बसलात?" आणि ती उतरून आत निघून गेली. तिने दार आपटलं नाही. म्हाताऱ्याला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हातगाडी आली तेव्हा तो होडीतच उभा होता, एका हातात पटाशी, पायाशी सोललेला पत्रा. लेक आणि चिकट्या घामाने निथळत होते. इंजिन गोणपाटात गुंडाळलेलं. लेकाने होडीकडे पाहिलं, मग बापाकडे. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मध्ये कुठे थांबला नाही. चिकट्याने वाकून फळीवर अंगठा घासला, नाकाशी नेला.

"मी घासून बघायला हवी होती," चिकट्या पुटपुटला. "लाकूड बघून भुललो मी."

लेक त्याच्याकडे वळलाही नाही. "बाबा, एकच सांगा. मी उद्या गेलो असतो तर तुम्ही जाऊ दिलं असतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्याने पटाशी खाली ठेवली. "माहीत नाही," तो म्हणाला. "आज फोडली. पण काल नाही फोडली, परवा नाही फोडली. खोटं कशाला बोलू?"

लेकाने हातगाडीचा दांडा सोडला. गाडीचं तोंड वर गेलं आणि इंजिन धपकन मागे घसरलं. तो सरळ बाहेर चालू लागला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. आल्यावर जेवला, कुणाशी न बोलता, आणि म्हणाला, "चिकट्याला प्लाय आणायला सांगतो. माझ्या होडीला कुणी हात लावायचा नाही." कुणी म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती.

बंदी उठली त्या सकाळी म्हातारा कुंपणाशी, खुर्चीत, समुद्राकडे पाठ करून बसला होता. उजाडता उजाडता बंदरातून इंजिनं सुरू व्हायला लागली. एक, मग दोन, मग इतकी की वेगळी काढता येईनात. नंतर मालकाच्या मोठ्या बोटीचा जाड आवाज आला. तो आवाज धक्क्यापासून लांब जाईपर्यंत लेक दाराच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. त्याच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा ती बोट त्याच्याशिवाय गेली होती, आणि त्याची स्वतःची होडी मागून उघडी, अंगणात पडून होती. मेहुणा आता धक्क्यावर काय बोलत असेल हे म्हाताऱ्याला ऐकू येत होतं. त्याने मान आणखी खाली घातली.

लेक पायरी उतरून आला. आत गेला, पुन्हा बाहेर आला. खाटेखालची दुसरी फळी ओढत आणली होती त्याने, एकट्याने, कण्हत. ती त्याने खुर्चीसमोर आणून टाकली.

म्हाताऱ्याने मान वर केली. "चिकट्या प्लाय आणणार होता ना?"

"नको म्हणून सांगितलं."

"का रे?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "माझ्या कामाचं काय झालं ते बघितलंस ना डोळ्यांनी? चांगली पक्की प्लाय आण. कंपनीच्या शिक्क्याची आण."

लेक खाली बसला आणि फळीवरची अकरा वर्षांची धूळ तळहाताने पुसायला लागला. त्याचा राग गेलेला नव्हता, तो त्याच्या जबड्यात दिसत होता.

"बिघडली असती तर शिक्केवाला माझ्या दारात येऊन फोडून दाखवणार होता का?" तो म्हणाला. "उठा. उन्हाच्या आत माप घेऊ."